सक्तीचे विषय : ओझे की अधिकार?

मागील वर्षीच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात, भोजनाच्या पंगतीत, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला एक प्रश्न विचारला. तो आता बँकेत अधिकारी आहे आणि त्याची मुलगी संगणकशास्त्राच्या पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. तो म्हणाला, "सर, पोरीला मूल्यशिक्षण आहे, पर्यावरण आहे, भारतीय ज्ञानप्रणाली आहे, वर आणखी दुसऱ्या विद्याशाखेतला एक विषय घ्यावाच लागतो. संगणक शिकायला गेलेल्या मुलीला याचा उपयोग काय? आपल्या आजा-पणजांना हवे ते शिकू दिले नाही, आणि आता पोरांना नको ते शिकायला लावतात." पंगतीतले सारे हसले, मीही हसलो. वाढपी पुढे सरकले आणि विषय तिथेच राहिला. या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा मला प्रथम तो प्रश्न आठवला. त्याच्या विनोदात नाकारलेला विषय आणि लादलेला विषय असे दोन्ही शेजारी शेजारी बसले होते. या दोहोंमधील नाते समजून घेतल्याशिवाय सक्तीच्या विषयांचे योग्य मूल्यमापन होऊ शकत नाही, असे माझे मत आहे.

महाविद्यालयीन विद्यार्थ्याने आपल्या मुख्य विषयाबाहेरचेही काही शिकलेच पाहिजे, हा विचार नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर आला, असे अनेक पालकांना वाटते. वस्तुतः तो बराच जुना आहे. अमेरिकेतील लिबरल आर्ट्स महाविद्यालयांत त्याला 'सामान्य शिक्षण' म्हणतात. विद्यार्थी भौतिकशास्त्राचा असो वा संगीताचा, पदवी हवी असेल तर त्याला साहित्य, इतिहास, गणित, विज्ञान, परकी भाषा, कला यांतील काही अभ्यासक्रम बहुधा पूर्ण करावेच लागतात. 'लिबरल' हा शब्द लॅटिन भाषेतून आला आणि येथे त्याचा अर्थ 'स्वतंत्र माणसाला साजेसे' असा आहे. प्राचीन रोममध्ये व्याकरण, वक्तृत्व, भूमिती या विद्या गुलाम नसलेल्या माणसाच्या विद्या मानल्या जात. हाताचे काम ज्याच्या वाट्याला आले, त्याला विचाराचे शिक्षण नाही, अशी ही विभागणी होती. आपल्याला ती अपरिचित नाही. आपल्याकडे ती जन्माला चिकटवली गेली, तिला धर्माज्ञेचे बळ दिले गेले आणि तिच्यातून बाहेर पडण्याची वाटही बुजवली गेली. त्यामुळे सामान्य शिक्षणाची चर्चा वरवर वेळापत्रकाची व श्रेयांकांची दिसली, तरी विचार करण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न तिच्या मुळाशी आहे.

'सक्ती' या शब्दाचाही आपल्या चळवळीच्या इतिहासातील अर्थ विसरता कामा नये. १८८२ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले, त्यात बारा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी होती. त्या शिक्षणात काय असावे हेही त्यांनी सांगितले होते : मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरणाची ओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, शिवाय नीती आणि आरोग्याचे धडे. शेती आणि इतिहास, हिशेब आणि नीती जोतीरावांनी एकाच पाटीवर मांडले. शेतकऱ्याच्या मुलाला शेतीपुरते शिकवले की पुरे, असे त्यांना वाटले नाही. पुढे १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. ज्या समाजाला शाळेच्या उंबरठ्यावर अडवले गेले, त्याच्यासाठी सक्ती हा संरक्षणाचा शब्द होता. सक्ती असली म्हणजे पालकाची गरिबी, पाटलाची मर्जी किंवा शिक्षकाचा विटाळ यांपैकी काहीही मुलाच्या आड येऊ शकत नव्हते. निदान कायदा तरी त्याच्या बाजूने उभा होता.

याच्या उलट बाजूला नाकारलेला विषय आहे. विद्यार्थी भीमरावांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते शिकू दिले गेले नाही आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने संस्कृतचा अभ्यास केला. ज्या भाषेतील ग्रंथांनी त्यांच्या समाजाचे आयुष्य बांधून टाकले होते, तीच भाषा त्यांना नाकारली गेली, हा योगायोग नव्हता.

१९१३ मध्ये बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. तेथील तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची मोजदाद उपलब्ध आहे : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि फ्रेंच व जर्मन भाषांचा प्रत्येकी एक. एकूण ६०, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मुख्य विषयाबाहेरचे. ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींच्या उगमावरचा आपला सुप्रसिद्ध निबंध वाचला, तो अर्थशास्त्राच्या वर्गात नव्हे, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. तत्त्वज्ञानाच्या वर्गात त्यांना जॉन ड्यूई भेटले. त्यांचे ऋण बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात मोकळेपणाने मान्य केले. 'अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मानववंशशास्त्राचा उपयोग काय?' असा प्रश्न विचारून ते थांबले असते, तर जातीच्या अभ्यासाचा तो पहिला पाया वेगळ्याच वेळी आणि वेगळ्याच रूपात घातला गेला असता.

येथे एक प्रामाणिक आक्षेप घेता येईल. बाबासाहेब पदव्युत्तर विद्यार्थी होते. हे विषय त्यांच्यावर कोणी लादले नव्हते, त्यांनी ते आपल्या ज्ञानाच्या भुकेपोटी निवडले. मग त्यांचे उदाहरण सक्तीच्या बाजूचे की स्वातंत्र्याच्या? आक्षेप रास्त आहे आणि अमेरिकेतही तो दीर्घकाळ घेतला गेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी जुने सक्तीचे अभ्यासक्रम मोडीत काढून विषयनिवडीचे स्वातंत्र्य दिले. ब्राउन विद्यापीठाने १९६९ मध्ये विद्यार्थ्यांच्याच पुढाकाराने सामान्य शिक्षणाच्या अटी जवळजवळ संपूर्ण काढून टाकल्या. स्वतःच्या बुद्धीने निवडलेला विषय मनात रुजतो, हे त्यामागचे तत्त्व आहे आणि शिक्षक म्हणून ते मला पटते.

तथापि, निवड करण्यासाठी समोर काय काय आहे, हे आधी ठाऊक असावे लागते. ज्याच्या घरात पुस्तकांचे कपाट आहे, मामा प्राध्यापक आहे, बहीण विद्यापीठात शिकते, त्या मुलाला तत्त्वज्ञान म्हणजे काय हे अठराव्या वर्षी अंधुक का होईना कळलेले असते. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या घरात पदवीपर्यंत पोहोचणारा बहुधा तोच पहिला असतो. त्याच्यापुढे तीस विषयांची यादी ठेवली, तर तो मित्रांनी घेतलेला किंवा गुण सहज मिळणारा विषय घेतो. यात त्याचा दोष नाही. निवडीचे स्वातंत्र्य कागदावर सर्वांना समान असते. ते वापरण्याची पूर्वतयारी मात्र समान नसते. म्हणून निदान पहिल्या एक-दोन वर्षांत काही विषय सर्वांना शिकवलेच पाहिजेत, या मताचा मी आहे.

दुसरा आक्षेप उपजीविकेचा आहे. तो अधिक गंभीर आहे, कारण तो आपल्याच घरांतून येतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हाच वाद झाला. गुलामगिरीत जन्मलेल्या बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये अलाबामातील टस्कीगी येथे संस्था उभारली. तेथे मुले विटा पाडीत, सुतारकाम व शेती शिकत. आधी पायावर उभे राहा, मान आपोआप मिळेल, अशी त्यांची भूमिका होती. डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी १९०३ च्या आपल्या ग्रंथात तिच्यावर कठोर टीका केली. कारागिरीला त्यांचा विरोध नव्हता. परंतु केवळ कारागिरीवर समाधान मानणारा समाज मताचा, प्रतिष्ठेचा आणि उच्च शिक्षणाचा हक्क गमावून बसतो, असे त्यांचे म्हणणे होते. याच द्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते. दोन खंडांतील दोन पीडित समाजांचे हे नाते आपल्या मुलांना माहीत असायला हवे, आणि ते संगणकाच्या किंवा लेखाकर्माच्या पुस्तकात सापडणार नाही.

आज हा वाद आपल्या दारात आला आहे. गेल्या काही वर्षांत देशात लिबरल आर्ट्सचे शिक्षण देणारी खासगी विद्यापीठे उभी राहिली. तेथे मुले साहित्यासोबत अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञानासोबत गणित शिकतात, लहान वर्गांत वाद घालतात, निबंध लिहितात. शिष्यवृत्ती मिळाली नाही तर तेथील शुल्क वर्षाला लाखो रुपयांच्या घरात जाते. दुसरीकडे आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयात मुलांना कौशल्याचे प्रमाणपत्र घ्या आणि लवकर कामाला लागा, असा सल्ला दिला जातो. संपन्नांच्या मुलांना विचार आणि गरिबांच्या मुलांना कसब, अशी वाटणी झाली, तर रोमची जुनी विभागणी नव्या वेशात परत आली असेच म्हणावे लागेल. संगणक शिकणाऱ्या मुलीला इतिहास नको, असे आपणच म्हणू लागलो, तर त्या वाटणीवर आपली सही घेण्याचीही गरज उरणार नाही.

मात्र सक्तीचे समर्थन करताना एक प्रश्न टाळता येत नाही. सर्वांनी शिकलेच पाहिजे असे जे ठरवले जाते, ते कोण ठरवते? ज्या कोलंबियात बाबासाहेब शिकले, तेथे, त्यांनी ते विद्यापीठ सोडल्यानंतर तीनच वर्षांनी, १९१९ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या पार्श्वभूमीवर समकालीन संस्कृतीचा एक सक्तीचा अभ्यासक्रम सुरू झाला. तो आजही चालू आहे आणि अनेक महाविद्यालयांनी त्याचा आदर्श घेतला. परंतु अशा अभ्यासक्रमांतील ग्रंथ दीर्घकाळ ग्रीक, रोमन आणि युरोपीय पुरुषांचेच होते. ओरेगन राज्यातील रीड महाविद्यालयात पहिल्या वर्षाला मानव्यविद्यांचा असाच एक सक्तीचा अभ्यासक्रम आहे. २०१६ मध्ये तेथील विद्यार्थ्यांनी, त्यांत कृष्णवर्णीय विद्यार्थी अग्रभागी होते, वर्गातच निदर्शने सुरू केली. आम्हाला सक्तीने शिकवल्या जाणाऱ्या मानवतेत आमची माणसे कुठे आहेत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. वर्ग बंद पाडण्याला काही विद्यार्थ्यांचा व अध्यापकांचा विरोधही होता, आणि शिक्षक म्हणून मला तोही समजतो. अखेर २०१८ मध्ये अभ्यासक्रमाची फेरआखणी झाली. प्राचीन भूमध्य प्रदेश आणि अथेन्स राहिले. त्यांच्या जोडीला मेक्सिको सिटी आणि न्यूयॉर्कमधील हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती आली. विषय रद्द करा अशा मागणीपेक्षा हा मार्ग मला अधिक मोलाचा वाटतो. सक्ती राहिली, पण तिचा आशय रुंदावला.

हाच निकष आपल्या राज्याला लावून पाहू. आपल्याकडेही सामान्य विषय पूर्वीपासून आहेत. मुंबई विद्यापीठात अनेक वर्षे 'फाउंडेशन कोर्स' होता. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर पर्यावरण अभ्यास देशभर सक्तीचा झाला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्य शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी निर्णय काढून पदवीची नवी चौकट ठरवली. तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० ते १३२ श्रेयांक, आणि त्यांत मुख्य व दुय्यम विषयांखेरीज खुला ऐच्छिक विषय, भाषा, मूल्यशिक्षण, कौशल्य, समाजसहभाग अशा अनेक पेट्या आहेत. भारतीय ज्ञानप्रणालीसाठी २ श्रेयांक आहेत. एका श्रेयांकाला साधारण १५ तासिका धरल्या, तर एका सत्रात सुमारे ३० तासिका झाल्या. कागदावरची ही रचना वाईट नाही. विज्ञानाच्या मुलाने इतिहास आणि कलाशाखेच्या मुलीने संगणक शिकावा, ही कल्पना स्वागतार्ह आहे.

प्रत्यक्षात काय घडते, ते आपल्या शाळेतून गेलेली मुले सुट्टीत भेटायला येतात तेव्हा सांगतात. एका मुलाच्या ग्रामीण महाविद्यालयात खुल्या विषयांची यादी लांबलचक होती. शिकवायला माणूस मात्र एकाच विषयाला होता, तोही तासिका तत्त्वावरचा. सर्वांनी तोच विषय 'निवडला'. दुसरीने सांगितले की सक्तीच्या विषयाची टिपणे मोबाइलवर आली, परीक्षा बहुपर्यायी झाली आणि सगळ्यांना चांगले गुण मिळाले. "काय शिकलीस?" असे विचारल्यावर ती प्रामाणिकपणे म्हणाली, "सर, तो शिकायचा विषय नसतो, पास व्हायचा असतो." त्या वाक्याने मी अस्वस्थ झालो. माझ्या बँक अधिकारी विद्यार्थ्याची तक्रार या ठिकाणी खरी ठरते. अशा रीतीने शिकवलेला विषय ओझेच असतो. पण औषध पातळ करून दिले म्हणून औषधच निरुपयोगी ठरवणे योग्य नाही.

भारतीय ज्ञानप्रणालीबद्दल तर आपण विशेष जागरूक राहिले पाहिजे. भारतीय ज्ञान म्हणजे एकाच परंपरेचे आणि एकाच भाषेतील ज्ञान, असा अर्थ कोणी करू लागला, तर आपण तो स्वीकारू नये. आणि त्याच वेळी हा विषय संपूर्णपणे दुसऱ्यांच्या हाती सोडूनही देऊ नये. नाशिकच्या पांडवलेण्यातील दहाव्या क्रमांकाच्या लेणीत प्राकृत भाषेतील एक शिलालेख आहे. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची कायमची ठेव ठेवली, असे तो सांगतो. ही ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली होती : २,००० दरमहा शेकडा १ दराने, १,००० दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेणीत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे होते. हिशेब करून पाहा. दोन हजारांवर वर्षाचे व्याज २४० होते आणि वीस गुणिले बारा म्हणजेही २४०. या काही ओळींत अर्थशास्त्र आहे, गणित आहे, भाषाशास्त्र आहे, बौद्ध संघाचे जीवन आहे, आणि हाताने काम करणाऱ्या विणकरांच्या संघटनेवर राजघराण्याने टाकलेला विश्वास आहे. त्या श्रेणीला राजाचा जावई आपले पैसे सांभाळायला देतो! जातींच्या उतरंडीत पुढे कारागिरांचे काय झाले, हा प्रश्न येथून सहज निघतो. संगणकशास्त्राच्या मुलीला आणि तिच्या बँक अधिकारी वडिलांना हा धडा निरुपयोगी वाटेल, असे मला वाटत नाही.

तेव्हा सामान्य शिक्षणाचा अभ्यासक्रम चांगला की वाईट, हे ठरवताना मी तीन गोष्टी पाहतो. पहिली, तो खरोखर सर्वांसाठी आहे का? जातीचा इतिहास केवळ आपल्याच मुलांनी ऐच्छिक म्हणून वाचायचा आणि उद्या डॉक्टर, अभियंते, न्यायाधीश होणाऱ्या इतरांनी तो न वाचताच पदवी घ्यायची, यात त्या विषयाचे प्रयोजनच हरवते. जात ही केवळ तिचे चटके सोसणाऱ्यांनी शिकण्याची गोष्ट नाही. दुसरी, त्यात कोणाचे जीवन आहे? फुले, सावित्रीबाई, ताराबाई शिंदे, बाबासाहेब, त्रिपिटक आणि संतसाहित्य हे तळटीपेत आहेत की मुख्य पाठात? आणि तिसरी, तो प्रश्न विचारू देतो का? बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला दुसरे महाविद्यालय सुरू केले. या दुसऱ्याला मिलिंदाचे आणि त्याच्या परिसराला नागसेनाचे नाव आहे. मिलिंद हा भिक्षू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारणारा राजा. महाविद्यालयाला उत्तर देणाऱ्याचे नव्हे, तर प्रश्न विचारणाऱ्याचे नाव असावे, यात मला शिक्षणाचे संपूर्ण तत्त्वज्ञान दिसते. तथागतांनीही कालामांना हेच सांगितले होते : परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून वा गुरूने सांगितले म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेत ही पारख मावत नाही.

आपण काय करू शकतो? आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहीजण आज महाविद्यालयांत प्राध्यापक आहेत, काही अभ्यास मंडळांवरही आहेत. त्यांनी या दोन-दोन श्रेयांकांच्या विषयांना दुय्यम मानून सोडून देऊ नये, कारण प्रत्येक शाखेचा प्रत्येक विद्यार्थी तिथूनच जाणार आहे. रिक्त जागा भरल्या जाव्यात, ही मागणी केवळ प्राध्यापक संघटनांची नाही, पालकांचीही आहे. बारावीनंतर प्रवेश घेताना आपल्या मुलांना ऐच्छिक विषयांची निवड समजावून सांगणारे कोणी हवे. उन्हाळी सुट्टीत शाळेच्या सभागृहात दोन दिवस दिले तरी हे काम होईल. आणि शाळेच्या ग्रंथालयात महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांसाठी एक वेगळे कपाट असावे, अशी माझी या निमित्ताने विनंती आहे.

त्या दिवशी पंगतीत मी माझ्या विद्यार्थ्याला उत्तर दिले नाही, ते आज देतो. बाळा, तुझ्या पणजोबांना जे नाकारले गेले, त्यातला काही भाग आज तुझ्या मुलीच्या हाती अर्धवट आणि निकृष्ट रूपात पडतो आहे. तो फेकून देऊ नकोस. तो पूर्ण आणि सकस मिळावा म्हणून भांड. तिला एकदा नाशिकला घेऊन जा आणि त्या लेणीसमोर व्याजाचा हिशेब तिच्याकडून करवून घे. मग उपयोग काय, हे तीच तुला सांगेल.

जय भीम.